वेल्वेट क्लचचा मुख्य गायक, म्हणजे मी

४ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण इतिहास घडतोय आणि तो नीट लिहिणारा माणूस डेटन शहरात दुसरा नाही.

चर्चच्या तळघरातला बॉयलर फुटला. गुडघाभर पाणी. पाणी उपसताना पॅनकेकच्या तव्यांमागे पत्र्याचा डबा सापडला. डब्यात आमच्या टेपा! 'वेल्वेट क्लच', १९७४. आख्खी रेकॉर्ड. ती कधी निघालीच नाही, कारण स्टुडिओवाले बॅस्कम वारले आणि त्यांच्या बायकोनं सगळं सामान चर्चला देऊन टाकलं. चर्चनं काय केलं? तव्यांमागे ठेवलं. इतकी वर्षं आमच्या संगीतावर पॅनकेकचं तेल उडत होतं. शिसारी आली.

ओडेलचा फोन. (ओडेल आमचा ड्रमवाला. हल्ली न्हावी. पोट ड्रमच्या मापाचं.) रडत होता. म्हणाला, "लव्हेल, अरे आपली पोरं जिवंत सापडली रे!" मी शांत. मुख्य गायकानं शांत राहायचं असतं.

६ मार्च, मंगळवार
इतिहासासाठी नोंद. वेल्वेट क्लचमध्ये आम्ही सात जण, सगळे क्लच-प्लेटच्या कारखान्यातले. उरलो तिघे: मी, ओडेल आणि थर्मन गॅडिस. मी खंजिरी वाजवायचो आणि गायचो. थर्मनला कुठलंच वाद्य येत नव्हतं, म्हणून त्याला मधोमध माइकसमोर उभं केलं होतं. तो मला साथ करायचा. माइक त्याच्यासमोर असल्यामुळे अडाणी लोकांचा गैरसमज व्हायचा की तोच गातो. मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. मन मोठं लागतं त्याला.

आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'शिफ्ट सुटू दे'. युनियन हॉलच्या नाचात अर्नेस्टीननं ते ऐकलं. नंतर मी तिला बँडच्या व्हॅनपाशी गाठून सांगितलं, तो वरचा आवाज माझा. पुढच्या वर्षी लग्न. इतका परिणामकारक आवाज.

हल्ली मात्र बायको माझ्याकडे जुन्या फ्रीजकडे बघतात तशी बघते. चालतोय तोवर चालू दे. तिला तो आवाज पुन्हा एकदा ऐकवायचा, बस. बाकी कीर्ती वगैरे आपोआप येईल.

११ मार्च, रविवार
दर महिन्यासारखं चर्चमध्ये मी एकट्यानं गायलो. तुफान प्रतिसाद. पहिल्या बाकावर पांढऱ्या टोप्या घालून बसणाऱ्या म्हाताऱ्या, आमच्या मदर्स, अक्षरशः उभ्या राहिल्या. मदर टॉलिव्हर ओरडल्या, "सावकाश, बाळा, सावकाश!" दुसरी म्हणाली, "प्रभो, हात धर त्याचा!" वरच्या पट्टीत गेलो तेव्हा तर सगळं चर्च "होईल, होईल, बाळा!" करत होतं. बायकांच्या हातातले पंखे जोरजोरात हलत होते.

माझ्यानंतर थर्मन गायला. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. लोक डोळे मिटून बसले. दोन-तीन बायका तर चक्क रडल्या. वाईट वाटलं त्याच्यासाठी. हल्ली तो डीकन झालाय, म्हणजे जेवणाआधीची प्रार्थना तो सांगतो आणि कोंबडी गार होते.

संकल्प: रेकॉर्ड निघेपर्यंत तळलेलं बंद. रोज मध-लिंबू. रोज चालणं. आवाज पुन्हा चोवीस वर्षांचा करायचा.

१६ मार्च, शुक्रवार
चर्चच्या आवारात मासे तळत होते. लोक काय खातात! बोटं चाटतात, पाव तेलात बुचकळतात, हनुवटीवरून सॉस ओघळतोय याचं भान नाही. बघवेना. संकल्पाचा नीट विचार केला. मासा ही मुळात पाण्यातली वस्तू. तळणं त्याला वरवर लागतं. दोन सँडविच. मग तिसरं, कारण हॉट सॉसनं घसा उघडतो हे सगळ्या गायकांना माहीत आहे.

चालणं उद्यापासून.

२० मार्च, मंगळवार
शिकागोहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. नाव कॉलिन. वय तीस असेल. दाढी एवढी, की त्यात पाखरानं अंडी घातली तरी त्याला कळणार नाही. पँट घोट्याच्या वर, मोजे नाहीत. कॉफीत ओटचं दूध घालून पितो. ओट! घोड्याचं खाणं.

डब्याला हात लावताना त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, जगात लोक ही रेकॉर्ड शोधतायत, जपानमध्ये एका माणसानं आयुष्य घातलंय. मी म्हटलं, साहजिक आहे.

मग त्यानं एकेकाला विचारलं, तुम्ही बँडमध्ये काय करायचात? ओडेल म्हणाला, "ड्रम." थर्मन म्हणाला, "थोडंफार गायचो." मी म्हटलं, "सगळं." कॉलिननं लिहून घेतलं. मग विचारतो, "आणि ती व्हॅन कुणाची होती? फोटोत फार छान दिसते." एवढ्या लांबून आला आणि विचारतो काय, तर व्हॅन! माझीच होती. मामाच्या लाँड्रीची. बाजूला 'स्टार्च जास्त, सुरकुती नाही' असं लिहिलेलं. पण हा मुद्दा आहे का?

२९ मार्च, गुरुवार
ऐकावं ते नवलच. टेप जुनी झाली की तिला आधी मंद आचेवर भाजावं लागतं म्हणे, नाहीतर यंत्रात घातल्याबरोबर तिचा चिकट लगदा होतो. आमचं संगीत ओव्हनमध्ये! अर्नेस्टीननं लगेच बजावलं, "माझ्या ओव्हनमध्ये नाही. रविवारी ईस्टर आहे, मला केक करायचाय." तिला वाटलं तिला कुणी विचारलंय. कॉलिनकडे त्यासाठी वेगळी भट्टी आहे.

५ एप्रिल, गुरुवार, दुपार
मोठी बातमी. टेपा उत्तम भाजल्या गेल्या. कॉलिन फोनवर किंचाळत होता. सांगत होता, टेप आठ पट्ट्यांची आहे. स्टुडिओत बॅस्कमसाहेबांनी प्रत्येकाला स्वतंत्र माइक दिला होता आणि प्रत्येकाचा माइक वेगळ्या पट्टीवर टिपला होता. ओडेलच्या ड्रमांना दोन. म्हणजे आता बाकी सगळे बंद करून एकेकाला एकटं ऐकता येतं!

विचारलं, मी कितव्या पट्टीवर? म्हणाला, "सातव्या." मग खोकला. म्हणाला, "पण मिस्टर प्रुइट, मला वाटतं सगळं एकत्रच जास्त छान लागतं."

दाढीवाल्यांना हृदय नसतं. मी म्हटलं, बाविसाव्या तारखेला, रविवारी, प्रार्थनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर ऐकायचं. आधी आख्खं गाणं. मग माझी पट्टी, एकटी. पाद्रीसाहेबांनाही लगेच कळवून टाकलं. आता मागे फिरणं नाही.

७ एप्रिल, शनिवार
मत्सर किती घाणेरडी गोष्ट आहे हे आज पाहिलं.

सकाळी ओडेल आला. दुकान टाकून! म्हणाला, "लव्हेल, राजा, झालं गेलं. ते सातव्या पट्टीचं सोड. माझी पण ऐकू नका हवं तर. मी त्या काळात किती शिव्या द्यायचो." मी हसून सोडून दिलं.

तो जातो न जातो तोच थर्मन. हातात रताळ्याचं सारण भरून भाजलेला गोड पाय. बायकोला म्हणाला, "सिस्टर अर्नेस्टीन, माझ्या बहिणीनं दिलाय." मग माझ्याजवळ बसून बराच वेळ टोपी फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "भाऊ, आपण सात जण एकत्र होतो म्हणून ते गाणं झालं. एकेकट्याला बाहेर काढून काय करायचंय?" म्हटलं, थर्मन, तुला भीती कसली वाटते? म्हणाला, "मला माझी नाही रे वाटत."

डीकन माणूस, आणि मनात इतका कडवटपणा. तो गोड पाय मात्र चांगला होता. सगळा मीच संपवला, कारण शत्रूकडचं अन्न घरात ठेवू नये.

अर्नेस्टीन भांडी घासताना म्हणाली, "थर्मनचं ऐक." नंतर बराच वेळ पाठमोरी उभी. समजू शकतो. चारचौघांत रडू येईल म्हणून घाबरते.

१४ एप्रिल, शनिवार
माळ्यावरून बँडचा पोशाख काढला. नारिंगी, एकसंध, छातीवर चकचकीत गिअर शिवलेला. कापड त्या काळात चांगलं मिळत नसे, आकसलंय. चेन बेंबीपाशी थांबली आणि पुढे जायला तिनं साफ नकार दिला. कसरीचा वास. स्वतःचीच किळस येणार होती, पण दोष कापडाचा. अर्नेस्टीननं बघितलं. म्हणाली, "कमरेपासून कापून टाक, वरचा भाग बटणं लावून अंगात घाल, खाली चर्चची पँट." शिवून पण दिलं. शेवटी बायकोच कामाला येते.

चालणं पुढच्या आठवड्यापासून नक्की. आजवर जमलं नाही, कारण आमच्या रस्त्यावर कुत्री मोकळी सोडतात. त्यांचे मालक तर आणखी गलिच्छ.

२१ एप्रिल, शनिवार
उद्या. दिवसभर बोललो नाही, आवाज राखला. उद्या पट्टी संपल्यावर लोक म्हणतील, गा! तेव्हा काय बोलायचं तेही ठरवलंय. "इतकी वर्षं तुम्ही थर्मनला मान दिलात, त्याबद्दल माझ्या मनात राग नाही." मग थर्मनला मिठी. मग गाणं.

२२ एप्रिल, रविवार, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो. तेही रागानं.

हॉल गच्च भरला होता. कॉलिननं कपाटाएवढे स्पीकर आणले होते. आधी आख्खं 'शिफ्ट सुटू दे'. ओडेल स्वतःच्याच ड्रमवर रडायला लागला. मदर टॉलिव्हर वॉकर धरून नाचल्या. लोक नाचले, मिठ्या मारल्या, कारखान्यातल्या मेलेल्या माणसांची नावं घेतली. आवाज स्पीकरमधून येत होता आणि सगळे थर्मनकडे बघत होते. सवय, दुसरं काय.

मी उभा राहिलो. नारिंगी. म्हटलं, आता सातवी.

कॉलिननं ओडेलकडे पाहिलं. ओडेलनं थर्मनकडे. थर्मननं जमिनीकडे. अर्नेस्टीन मोठ्यांदा म्हणाली, "कॉलिन, बाळा, जेवण गार होतंय." मी म्हटलं, कोंबडी पळून जात नाही. लाव.

आधी खंजिरी. ती गाण्याच्या जरा मागून येत होती. मग कुणीतरी गायला लागलं. गायला म्हणजे, सूर शोधायला. वर चढला, तिथे काही मिळालं नाही, खाली आला, परत चढला. पण जीव तोडून. मला आधी वाटलं बॅस्कमसाहेबांचा झाडूवाला मधे घुसला असेल.

आणि मदर टॉलिव्हर कळवळून म्हणाल्या, "सावकाश, बाळा, सावकाश!" मागून कुणीतरी, "प्रभो, हात धर त्याचा!" मग सगळा हॉल. "होईल, होईल, बाळा!" हेच शब्द. त्याच सुरात. दर महिन्याला मी ऐकतो ते.

गाणं संपलं तरी टेप चालूच होती. माझा आवाज आला, तरणा. "मिस्टर बॅस्कम, माझं नीट येतंय ना?" बॅस्कमसाहेब म्हणाले, "छान येतंय, पोरा. टेपवर आहेस तू." मग पावलं, दार. मी व्हॅन सुरू करायला गेलो असणार. माइक तसाच उघडा. ओडेलचा आवाज: "हा रेकॉर्डवर येणार नाही ना?" बॅस्कम: "टेपवर आहे. रेकॉर्डवर नाही. ते बटण माझ्या हातात." आणखी कुणीतरी हसून, "त्याला सांगू नका बरं, व्हॅन त्याची आहे!" मग थर्मन, चिडून: "व्हॅन गेली खड्ड्यात. त्याला सांगायचं नाही म्हणजे नाही. गाताना त्याचा चेहरा बघितलाय का कुणी?"

कॉलिननं यंत्र बंद केलं.

अर्नेस्टीन उठली, माझ्या हातात ताट दिलं. म्हणाली, "जेव." जेवलो. मॅकरोनी कोरडी होती. भाजीत मीठ नव्हतं. हे चर्च स्वयंपाकात पार बिघडलंय.

२४ एप्रिल, मंगळवार
विचार केला. भट्टी. टेप भाजली, आणि भाजताना कडा आधी करपतात. केकचंही तसंच. सातवी पट्टी कडेजवळची. आवाज तिथेच करपला. विज्ञान आहे.

मग टेपवरचं बोलणं? तेही करपलेलं. करपलेलं बोलणं कडूच लागणार.

संकल्प: चर्च सोडायचं. कॉलिनचा फोन घ्यायचा नाही. थर्मनचं तोंड बघायचं नाही. ओडेलकडे केस कापायचे नाहीत, स्वतः कापायचे.

२६ एप्रिल, गुरुवार
स्वतः केस कापले.

२७ एप्रिल, शुक्रवार
ओडेलकडे गेलो. त्यानं डोकं बघितलं, हसला नाही, म्हणून त्याला माफ केलं. बराच वेळ दुरुस्ती चालली होती. मशीन बंद करून म्हणाला, "लव्हेल, तुझ्याशिवाय आपण कुठल्याच हॉलला पोचलो नसतो." हे सांत्वन झालं? मालगाडीशी बोलावं तसं बोलला. दुकानात केसांचा, तेलाचा आणि म्हाताऱ्यांचा वास. बाहेर येऊन गाडीत बसून राहिलो.

येताना मासे. तीन सँडविच. संकल्प कुणासाठी पाळायचा?

१३ मे, रविवार
मदर्स डे, म्हणून चर्चला जावंच लागलं. पाद्रीसाहेबांनी खूण केली, ब्रदर प्रुइट, काही गाणार? सगळं चर्च माझ्याकडे बघायला लागलं. पांढऱ्या टोप्या आधीच पुढे वाकल्या होत्या. मदर टॉलिव्हरनं तोंड उघडलेलंसुद्धा होतं. म्हटलं, घसा बसलाय.

अर्नेस्टीननं माझा हात धरला. झटकला. थोड्या वेळानं परत धरू दिला, कारण लोक बघत होते.

८ जून, शुक्रवार
रेकॉर्ड आली. खोकंभर पाठवल्यात. पुठ्ठ्यावर आमचा फोटो: सात नारिंगी माणसं आणि व्हॅन. व्हॅनचा फोटो सगळ्यात स्पष्ट आलाय. लाँड्रीची पाटीसुद्धा वाचता येते.

मागे नावं. थर्मन गॅडिस, मुख्य गायक. ओडेल, ड्रम. बाकीचे, देवाघरी गेलेले. सगळ्यात खाली: लव्हेल प्रुइट, खंजिरी आणि वाहतूक.

वाहतूक!

कॉलिनला फोन केला. म्हटलं, दाढी काढ आणि मग माणसांशी बोल. तो बिचाऱ्यासारखा म्हणाला, "मिस्टर प्रुइट, मी 'गायन'पण लिहिणार होतो. घरी फोन केला होता. मिसेस प्रुइट म्हणाल्या, नको."

घरातच. आपल्याच घरात. इतका वीट कधी आला नव्हता.

१० जून, रविवार, दुपार
दोन दिवस अर्नेस्टीनशी अबोला धरला. तिच्या लक्षात आलं नाही, म्हणून आज तोंडानं विचारलं. तू नको का म्हणालीस?

वाटाणे सोलत होती. म्हणाली, "जे लोक तुला ओळखत नाहीत त्यांनी तुला हसू नये म्हणून."

मग विचारलं ते विचारायचं नव्हतं. तुला कधी कळलं?

हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, "प्रुइट, त्या नाचाला मी स्टेजला टेकून उभी होते. थर्मनच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. तू मागे खंजिरी वाजवत होतास, तीसुद्धा चुकत." म्हटलं, मग व्हॅनपाशी मी सांगितलं तेव्हा बोलली का नाहीस? लग्न कशाला केलंस? म्हणाली, "सगळ्या पोरी थर्मनमागे होत्या. तू आलास आणि माझ्या तोंडावर सांगितलंस की तो आवाज तुझा. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. म्हटलं, हाच बरा. याला माझ्यापासून कधी काही लपवता यायचं नाही."

मी म्हटलं, इतकी वर्षं तू गप्प राहिलीस? म्हणाली, "तू बोलत होतास ना."

यावर सुचलं बरंच, पण तिनं वाटाण्याचं पातेलं बाजूला ठेवलं, खोक्यातली एक रेकॉर्ड काढली आणि लावली. 'शिफ्ट सुटू दे'. मी नेहमीसारखं तोंड उघडलं. म्हणाली, "आता नको रे. ऐकू दे मला."

बसलो. तिनं डोळे मिटले होते. मी नुसता ऐकत होतो.

गाणं चांगलं आहे. दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात. थर्मन एकटाच श्वास घेतो आणि मग अगदी हळू म्हणतो, थांब. हे त्या गाण्यात आहे हे मला माहीतच नव्हतं. आजवर ते वाजायला लागलं की मी गात असायचो.